उघडीप मिळाली की निघायचं: शेटलंड बेटांवरचे आमचे दिवस

खाडीकाठची (१७ जुलै २०२५, रात्री १०:२०)

काल सकाळी नवरा रात्रपाळी करून घरी आला आणि दारातच बूट न काढता म्हणाला, "वारा पडलाय. निघू या का?" झोप, धुणं, पोळ्यांची कणीक सगळं तसंच टाकून पंधरा मिनिटांत आम्ही चौघं गाडीत होतो. इथल्या सहली अशाच होतात. शनिवार-रविवार बघून ठरवलेली सहल मी चार वर्षांत फार वेळा पार पडलेली पाहिली नाही.

आम्ही लर्विकला राहतो. शेटलंडमधलं सगळ्यात मोठं गाव, वस्ती सात हजारांच्या आसपास. सगळ्या बेटांची मिळून तेवीस हजार. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाच्याही वर, एका बाजूला अटलांटिक आणि दुसऱ्या बाजूला उत्तर समुद्र, मध्ये शंभरेक बेटं आणि त्यातल्या सोळांवर माणसं. अॅबर्डीनहून संध्याकाळी सातला सुटलेलं जहाज सकाळी साडेसातला इथे लागतं. कुठेही उभे राहा, समुद्र पाच किलोमीटरहून लांब नसतो. झाडं जवळजवळ नाहीतच. वारा आणि मेंढ्या त्यांना वाढू देत नाहीत.

आलो त्या पहिल्या वर्षी शेजारच्या आजींनी मला एक वाक्य शिकवलं, 'अ डे अट्वीन वॅडर्स'. दोन हवामानांच्या मधला दिवस. त्या समजावून सांगत होत्या आणि मला हसू फुटत होतं, कारण आमच्याकडे कोकणात, धोपाव्याला, त्यासाठी एकच शब्द आहे: उघडीप. आषाढात चार दिवस संततधार लागून पाचव्या दिवशी ऊन पडलं की आई हातातलं काम टाकून गोधड्या, सांडगे, ओले कपडे सगळं अंगणात काढायची. इथेही तेच. वारा पडून ऊन आलं की तासाभरात गावातल्या एकूण एक दोरीवर कपडे दिसतात, आणि कपडे घालून झाले की माणसं बाहेर पडतात. आजींना मी शब्द शिकवला. त्या 'उगडीप' म्हणतात. ऊन पडलं की कुंपणावरून हाक मारतात, "उगडीप!"

त्यामुळे आमच्या दारामागे एक पिशवी कायम भरलेली असते. चौघांचे रेनकोट, लोकरीच्या टोप्या (हो, जुलैतसुद्धा), एक जादा पायमोज्यांची जोडी प्रत्येकी, थर्मास. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, त्या दोन दिवस टिकतात.

काल गेलो दक्षिणेला, संबरा हेडला. लर्विकपासून चाळीस किलोमीटर. वाटेत विमानतळाची धावपट्टी आडवी येते आणि रस्ता चक्क तिच्यावरून जातो. विमान यायचं असेल तर रेल्वेफाटकासारखा दांडा खाली येतो आणि सगळ्यांनी थांबायचं. धाकटा (वय ७) घरून निघताना प्रार्थना करतो की आपल्या वेळेला विमान येऊ दे. काल आलं.

संबरा हेडला १८२१ सालचा दीपस्तंभ आहे आणि त्याच्या भोवतीच्या कड्यावर पफिन नावाचे समुद्रपक्षी. इथले लोक त्यांना 'टॅमी नोरी' म्हणतात. एप्रिलमध्ये समुद्रावरून येतात, गवतातल्या बिळांत एकच अंडं घालतात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा नाहीसे होतात. दगडी गडग्याला पोट टेकून उभं राहिलं की दोन हातांवर पक्षी. चोचीत चांदीच्या सुयांसारखे मासे आडवे धरलेले. लेकीने (वय ११) एका चोचीत नऊ मोजले, धाकट्याच्या मते अकरा होते, त्यावर संध्याकाळपर्यंत वाद चालला.

परतताना सेंट निनियन्सला थांबलो. मुख्य बेट आणि एक छोटं बेट यांना जोडणारी पांढऱ्या वाळूची पट्टी, दोन्ही बाजूंना समुद्र. मधोमध चालताना डावीकडची लाट आणि उजवीकडची लाट एकाच वेळी ऐकू येते. पलीकडच्या बेटावर जुन्या चर्चचे अवशेष आहेत. तिथे १९५८ साली खोदकामाला मदत करणाऱ्या एका शाळकरी मुलाच्या फावड्याखाली दगडी फरशी लागली आणि तिच्याखाली पिक्ट लोकांची (स्कॉटलंडचे प्राचीन रहिवासी) चांदीची भांडी आणि दागिने, मिळून २८ वस्तू निघाल्या. ही गोष्ट धाकट्याला कोणी सांगितली तेव्हापासून आम्ही तिथे प्लास्टिकचं फावडं घेतल्याशिवाय जाऊ शकत नाही.

चारच्या सुमाराला पश्चिमेकडून ढग चढले. लेकीने बघितलं, काही न बोलता डबा आवरला. सव्वाचारला पाऊस. आम्ही गाडीत, पुऱ्या आणि चहा.

तुमच्यापैकी कोणी बेटावर, खाडीपलीकडे, जिथे बोटीशिवाय जाता येत नाही अशा जागी राहिलंय का? कसे असायचे तुमचे दिवस? सांगा ना.

मेतकूट (१७ जुलै, रात्री ११:०५)

किती सुंदर. दोन्ही लाटा एकदम ऐकू येणं हे डोळे मिटून ऐकलं. प्रश्न खूप आहेत: वाणसामान कुठून येतं? भाजी मिळते का? आणि मुलांच्या शाळेचं काय?

दर्याकाका (१८ जुलै, सकाळी ६:१५)

मुली, उघडीप शब्द वाचला आणि हर्णैचं बंदर डोळ्यांपुढे आलं. आमच्याकडे जून-जुलै होड्या शाकारलेल्या. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की मग बाहेर. तोवर उघडीप पडली की आम्ही पोरं खडकांवर गळ टाकून बसायचो. तुमच्याकडे मासळी कोणती? मुलांना गळ टाकायला देतात का?

खाडीकाठची (१८ जुलै, दुपारी ४:३०)

मेतकूट, दोन मोठी दुकानं आहेत लर्विकमध्ये, त्यात सगळं मिळतं, पण जहाज आलं तर. हिवाळ्यात वादळाने दोन दिवस जहाज सुटलं नाही की आधी ताजी भाजी संपते, मग पाव. लोक घाबरत नाहीत, कोणी साठेबाजी करत नाही. प्रत्येक घरात मोठा फ्रीझर असतोच. मी कोबी, गाजर, बटाटा यांवर चार दिवस काढायला शिकले. दूध-अंडी इथलीच. रस्त्याच्या कडेला लाकडी खोकं असतं, आत अंडी, कधी जॅम, कधी घरचे केक, आणि पैसे टाकायला डबा. माणूस नाही. आमचा एक ठरलेला रस्ता आहे, आइथ गावाजवळचा, तिथे उघड्यावर एक फ्रिज आहे केकने भरलेला. लांबच्या सहलीत मुलांना तिथे थांबवावंच लागतं.

शाळेबद्दल वेगळं लिहिते, तो मोठा विषय आहे.

काका, तुमच्या प्रश्नाने माझा दिवस उजळला. हॅडॉक, कॉड भरपूर, पण उन्हाळ्यात धक्क्यावर पोरं गळ टाकतात ती दोन माशांसाठी. एक पिल्टॉक, म्हणजे सेथ नावाच्या माशाचं पोर. दुसरा मॅकरल. पहिल्यांदा गळाला मॅकरल लागून वर आला तेव्हा नवरा ओरडला, "अगं, हा तर आपला बांगडा!" पाठीवरचे पट्टे निराळे, पण चुलतभाऊ नक्की. सासूबाईंनी पाठवलेली तिरफळं होती, कोकमं होती. त्या रात्री बिल्डिंगमधल्या तीन घरांत वास गेला आणि तिन्ही घरं ताट घेऊन आली. गेल्या वर्षीपासून पलीकडच्या घरातला मुलगा मॅकरल पकडला की थेट आमच्या दारात आणून देतो आणि विचारतो, "त्या जांभळ्या फळाचं करणार ना?"

दर्याकाका (१८ जुलै, रात्री ८:५०)

तिरफळ घातलंस म्हणजे सगळं आलं. पोराला म्हणावं, काटे काढून खा.

दीपस्तंभ (१९ जुलै, दुपारी १:१०)

माझे वडील दीपगृह खात्यात होते. मी सात ते दहा वर्षांचा असताना आम्ही लक्षद्वीपात मिनिकॉयला होतो. कोचीहून जहाज. तिथला दीपस्तंभ १८८५ सालचा, इंग्रजांनी बांधलेला, आणि वरून बघितलं की सगळं बेट एका नजरेत मावतं. लांबट, वाकडं, एका बाजूला फिकट निळं लगून आणि दुसऱ्या बाजूला लगेच काळा समुद्र.

तिथे पावसाळ्यात जहाजं रोडावायची, आणि म्हणून दिवाळीच्या आसपास समुद्र शांत झाला की सगळं गाव बाहेर. शेजारच्या निर्मनुष्य विरिंगिली बेटावर होडीने जायचं. आई पोळी-भाजी बांधायची, पण बरोबरच्या घरांतून मासमिन यायचं. ट्यूना उकडून, धुरी देऊन, वाळवून लाकडासारखा टणक केलेला. त्याचा तुकडा खोबऱ्याबरोबर चघळत दिवसभर पाण्यात. ती माणसं महल भाषा बोलतात, ती उजवीकडून डावीकडे लिहितात. मला तिचे आकडे अजून येतात.

ताई, तुमच्या उघडीपेसारखंच तिथे होतं. सहल कधी, हे नाखवा सांगणार. वडील साहेब होते, पण त्या बाबतीत त्यांचं कोणी विचारायचं नाही.

खाडीकाठची (१९ जुलै, रात्री ९:४५)

दीपस्तंभ, 'लाकडासारखा टणक' वाचून थांबले. इथे रीस्टिट मटण असतं. मेंढीचं मांस मिठाच्या पाण्यात मुरवून मग चुलीवरच्या तुळयांना टांगून वाळवलेलं. हिवाळाभर टिकतं. बटाट्याच्या रश्शात एक तुकडा घातला की सगळं भांडं चवदार होतं. सुकट-बोंबील खाऊन वाढलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. जिथे बोट येईल याची खात्री नसते तिथे सगळे लोक मीठ आणि धूर यांच्याच आसऱ्याला जातात.

वाटसरू७ (२० जुलै, सकाळी १०:००)

लेखन आवडलं, पण थोडं स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हे उन्हाळ्यातले चार दिवस झाले. हिवाळ्यात काय? आजारपण आलं तर? मुलं मोठी झाली की त्यांचं काय? आणि घरी काही झालं तर तुम्ही पोचणार कधी? मी स्वतः परदेशात बारा वर्षं आहे, मोठ्या शहरात, तरी या प्रश्नांनी झोप उडते. बेटावर तर विचारायलाच नको.

खाडीकाठची (२० जुलै, रात्री ११:३०)

राग कसला. हे कोणीतरी विचारायलाच हवं होतं.

हिवाळा. डिसेंबरात सूर्य सव्वानऊच्या सुमाराला उगवतो आणि तीनला मावळतो. मुलं अंधारात शाळेत जातात, अंधारात परततात. थंडी फार नसते, गोठणबिंदूच्या वरच बऱ्याचदा, पण वारा असा की गाडीचं दार दोन्ही हातांनी धरून उघडावं लागतं, नाहीतर बिजागरीतून जातं. पहिल्या हिवाळ्यात मी नोव्हेंबर ते जानेवारी रोज रडले, हे इथे लिहायला मला संकोच नाही.

मला उभं केलं ते पोहण्याने. इथे तेवीस हजार माणसांना आठ सार्वजनिक तरणतलाव आहेत. सत्तरच्या दशकात समुद्रात तेल सापडलं, सलम व्हो इथे तेल उतरवायला मोठं टर्मिनल झालं, आणि इथल्या नगरपरिषदेने तेलकंपन्यांकडून त्याचा मोबदला मिळेल असा करार करून घेतला, त्यासाठी १९७४ साली पार्लमेंटात खास कायदा झाला. तो पैसा लोकांसाठी बाजूला ठेवला. त्यातून हे तलाव आणि क्रीडासंकुलं उभी राहिली, अगदी अन्स्ट आणि येलसारख्या लांबच्या बेटांवरसुद्धा. बाहेर वादळ, आत मुलं कोमट पाण्यात. हिवाळ्यातली आमची सहल म्हणजे दर रविवारी निराळ्या गावचा तलाव. आठही झाले, धाकट्याने भिंतीवर यादी चिकटवली आहे.

आणि जानेवारीचा शेवटचा मंगळवार, अप हेली आ. हजारभर माणसं हातात पेटत्या मशाली घेऊन अंधारात गावातून फिरतात, शेवटी महिनोन् महिने खपून केलेलं लाकडी गलबत जाळतात. मग रात्रभर गावातल्या सभागृहांत नाच, गाणी, रीस्टिट मटणाचा रस्सा. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला सुट्टी. लर्विकच्या मिरवणुकीत बायका-मुलींना २०२३ पासून जागा मिळाली. त्या वर्षी लेकीला खांद्यावर घ्यायचं वय नव्हतं तरी नवऱ्याने घेतलं. ती त्या पथकांतल्या बायकांकडे बघत होती आणि मी तिच्याकडे.

आजारपण. साधं सगळं इथल्या इस्पितळात होतं. मोठं काही असेल तर विमानाने अॅबर्डीन. हवा वाईट असेल तर थांबावं लागतं, आणि ते थांबणं फार जड असतं. मी त्याला सोपं म्हणणार नाही.

तुटणं म्हणजे काय ते आम्ही २०२२ मध्ये दोनदा पाहिलं. २० ऑक्टोबरला समुद्राखालची केबल तुटली. फोन नाही, इंटरनेट नाही, दुकानात कार्ड चालेना. लक्ष्मीपूजनाला चार दिवस होते आणि आईला कळवता येत नव्हतं की आम्ही ठीक आहोत. शेजारच्या आजींनी डब्यातून रोख वीस पौंड काढून दिले, "मुलांना दूध आण" म्हणाल्या. फोन सणाच्या आत सुरू झाले. मग डिसेंबरात हिमाने आणि बर्फाने वीजतारा पडल्या, काही गावं आठवडाभर अंधारात होती. आमच्याकडे वीज होती, म्हणून उत्तरेकडचं एक कुटुंब आमच्या दोन खोल्यांत राहिलं. आठ माणसं. रोज रात्री मोठ्या पातेल्यात खिचडी.

आणि घरी काही झालं तर. गेल्या वर्षी जूनमध्ये माझी आजी गेली. ज्या आजीने मला पोहायला शिकवलं ती. निरोप आला तेव्हा बाहेर हार होतं. हार म्हणजे उन्हाळ्यातलं समुद्रावरून येणारं धुकं. वारा नाही, पाऊस नाही, नुसतं पांढरं. विमानं दोन दिवस उतरली नाहीत. जहाजात केबिन नव्हती, खुर्चीवर बसून रात्र काढली. अॅबर्डीन, लंडन, मुंबई, मग गाडीने गुहागर. पोचले तेव्हा सहावा दिवस होता. आईने दार उघडलं आणि पहिलं वाक्य काय म्हणाली, "जेवलीस का?"

ते माझं कायमचं आहे. इथे राहायचं तर ते धरूनच राहावं लागतं, दुसरा मार्ग मला सापडलेला नाही. तुमचा प्रश्न बरोबर आहे, वाटसरू.

वाटसरू७ (२१ जुलै, सकाळी ७:२०)

माझ्या वडिलांच्या वेळी मी लंडनमध्ये होतो, विमानं सगळी सुरू होती, तरी आठवा दिवस उजाडला. तुमचं वाचून बायकोला उठवून वाचून दाखवलं. लिहीत राहा.

चांदणवेल (२१ जुलै, दुपारी २:४०)

ताई, मी बरेच दिवस नुसती वाचक आहे, आज पहिल्यांदा लिहिते. माझ्या नवऱ्याला तिकडे नोकरी मिळण्याची शक्यता आहे (शेटलंडच!). मुलं ९ आणि ४ वर्षांची. आम्ही नाशिकचे, समुद्र फक्त अलिबागला पाहिलेला. मुलांना तिथे सवंगडी मिळतील का? आणि शाळा?

खाडीकाठची (२१ जुलै, रात्री १०:१५)

चांदणवेल, अगं ये! शाळेबद्दल लिहायचं राहिलं होतंच.

प्राथमिक शाळा गावोगावी आहेत, छोट्या बेटांवर तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुलं. मोठी शाळा लर्विकला, अँडरसन हायस्कूल. त्याला लागून वसतिगृह आहे, लांबच्या बेटांवरची मुलं आठवडाभर तिथे राहतात आणि शुक्रवारी बोटीने घरी जातात. फेअर आयलसारख्या ठिकाणच्या मुलांना तर दर आठवड्याला जाताही येत नाही. लेकीची एक मैत्रीण अशाच एका लांबच्या बेटावरची आहे. ती पुढच्या वर्षी वसतिगृहात येणार म्हणून आत्ताच तिची आई अस्वस्थ आहे, बारा वर्षांचं लेकरू. मी तिला सांगून ठेवलंय, बुधवारचं जेवण आमच्याकडे.

सवंगडी मिळतील. इथे छोट्या मुलाला, छोट्या कपाला, छोट्या वेळेला, सगळ्याला 'पीरी' म्हणतात. तुझ्या चार वर्षांच्याला पहिल्याच दिवशी दुकानातल्या बाई 'पीरी मॅन' म्हणून हाक मारतील. (मुलगी असेल तर 'पीरी लास'.) अरुंद रस्त्यावर समोरून येणारी प्रत्येक गाडी हात करते. तूही करायचा. पहिल्या महिन्यात मला वाटायचं, हे सगळे नवऱ्याला ओळखतात.

मुलांसाठी सगळ्यात मोठा दिवस म्हणजे वसंतातली सफाई, 'व्होर रेड अप'. १९८८ पासून दरवर्षी. शाळा, घरं, क्लब, सगळे आपापला किनारा वाटून घेतात आणि हिवाळ्याने आणून टाकलेला कचरा गोळा करतात. दर पाच माणसांतला एक बाहेर असतो. जाळ्यांचे तुकडे, दोर, डबे. नवीन माणसाची ओळख होण्याचा याहून चांगला दिवस नाही, कारण सगळे सारखेच चिखलात असतात. आमची इथली निम्मी मैत्री एका कुजलेल्या जाळ्याचं टोक दोघांनी ओढताना झाली.

मे महिन्यात पीट काढायला जातात. म्हणजे दलदलीतली, हजारो वर्षं कुजून दाबली गेलेली काळी माती. टुश्कर नावाच्या लांब दांड्याच्या फावड्याने तिच्या विटा कापायच्या, उभ्या करून वाळवायच्या, उन्हाळ्याच्या शेवटी घरी आणून चुलीत जाळायच्या. आता थोडीच घरं करतात. आजींचं कुटुंब अजून करतं, आम्हाला बोलावतात. दिवसभर वाकून दुसऱ्या दिवशी पाठ धरते, त्या दुखण्याला इथे स्वतंत्र शब्द आहे, 'स्पेगी'. लावणी करून आलेल्या माझ्या मावशीला हा शब्द सांगितला, ती म्हणाली, "आमच्याकडे पण हवा होता."

ऑगस्टमध्ये गावोगावी शेतीप्रदर्शनं. मेंढ्या, तट्टं, कोबी, विणकाम, केक. लेकीने गेल्या वर्षी वॉल्सच्या प्रदर्शनात मुलांच्या गटात नारळाच्या वड्या ठेवल्या होत्या. बक्षीस नाही मिळालं, पण परीक्षक बाई घरी जाताना पाककृती लिहून घेऊन गेल्या.

एकच सहल निवडायला सांगितलीस तर मात्र मूसा. जून-जुलैत इथे रात्र होतच नाही, नुसता निळसर संधिप्रकाश राहतो, त्याला 'सिमर डिम' म्हणतात. रात्री अकराच्या सुमाराला सँडविकहून छोटी बोट निघते. मूसा बेटावर दोन हजार वर्षांपूर्वीचा दगडी बुरूज आहे, तेरा मीटर उंच, चुना नाही, माती नाही, नुसते दगडावर दगड. दिवसा तो मुका असतो. मध्यरात्री त्याच्या भिंतीतून आवाज यायला लागतो. भिंतीच्या फटींत वादळपाखरं घरटी करतात, चिमणीहून जराशी मोठी, काळी, दिवसभर समुद्रावर. मोठ्या पक्ष्यांच्या भीतीने ती काळोख पडल्यावरच घरी परततात. आतली बसलेली पाखरं घुरघुरतात, बाहेरची वटवाघळांसारखी डोक्यावरून फिरतात. लेकीने भिंतीला कान लावला आणि वीस मिनिटं हलली नाही. बोटीवाल्यांनी हाक मारली तरी नाही. परतीच्या बोटीत माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आई, ती रोज इतक्या लांबून येतात आणि त्यांना आपलीच फट कशी सापडते?"

मला उत्तर आलं नाही. मी आजीचा विचार करत होते.

मेतकूट (२२ जुलै, सकाळी ८:३०)

आता माझ्याच्याने ऑफिसला जाववत नाही.

दर्याकाका (२२ जुलै, सकाळी ९:१०)

पाखरांना वास येतो, मुली. आमचे म्हातारे सांगायचे, होडीला जसं बंदर कळतं तसं. लेकीला सांग, हर्णैच्या काकांनी सांगितलंय.

चांदणवेल (९ नोव्हेंबर २०२५, दुपारी १२:०५)

ताई, धागा वर काढते. नोकरी पक्की झाली! जानेवारीत निघतोय. सगळे म्हणतात, ऐन हिवाळ्यात कशाला. मी त्यांना हा धागा वाचायला दिला, तर सासूबाईंनी वाचून फक्त एवढंच विचारलं, "त्या आजी अजून आहेत ना?"

बॅगेचा हिशोब सुरू आहे. तांदूळ, डाळी, पीठ किती आणू? कुकर आणू का? आणि नऊ वर्षांचा विचारतोय, विमानतळाच्या त्या दांड्यापाशी आपण थांबणार का?

खाडीकाठची (९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:५०)

आजी आहेत, ठणठणीत. तुमच्याबद्दल सांगितलं तर लगेच लोकर काढून बसल्या. दोघांच्या पायांची मापं कळव, आणि डोक्याची पण.

तांदूळ, तूरडाळ, मूगडाळ इथे मिळतात, ओझं करू नकोस. कणीकही मिळते, थोडी निराळी, हाताला सवय होते. कुकर आण, त्याच्या रबरी रिंगा तीन आण, इथे मागवल्या तर जहाजाची वाट बघावी लागते. गोडा मसाला, कोकम, तिरफळ, मेतकूट (भुकटी, आयडी नव्हे, पण आयडीलाही यायचं असेल तर जागा आहे). आकाशकंदील कागदाचा आणू नकोस, आमचा पहिल्या वर्षीचा अर्ध्या तासात समुद्राकडे गेला. आता आम्ही खिडकीच्या आतून लावतो.

छत्री अजिबात नको. वारा ती टिकू देत नाही.

जहाजाने या, विमानाने नको, सामान जास्त आहे तुमचं. रात्री मुलं जेवून लवकर आडवी झाली की बरं. जेवणात आमटी-भात असा साधा ठेव, आल्याची वडी जवळ ठेव. सकाळी साडेसातला अंधारच असेल, धक्क्यावर दिवे दिसतील. उजव्या हाताला पार्किंगमध्ये निळी गाडी, आम्ही चौघं तिथे असू. जहाज उशिरा आलं तरी असू.

दांड्यापाशी थांबायला नंतर नेऊ. उघडीप मिळाली की.

चांदणवेल (९ नोव्हेंबर, रात्री ८:१५)

पायाची मापं: मोठ्याचं २१ सेंटिमीटर, धाकटीचं १६. डोकं उद्या मोजते, दोघंही झोपलेत.